मारुती ८०० चं हेड पॅकिंग घरच्या अंगणात बदलताना

फोंडा घाट चढताना, दाजीपूर यायच्या आधीच, तापमानाचा काटा लाल पट्टीला टेकला. मे महिना, दुपारचे दोन, गाडीत चौघं आणि मागे आंब्याच्या दोन पेट्या. मी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि बॉनेट उघडून ठेवलं. रेडिएटरच्या झाकणाला मात्र हात लावला नाही. तापलेल्या इंजिनचं झाकण सोडलं की आत दाबाखाली असलेलं पाणी क्षणात उकळून तोंडावर येतं. वाफेने भाजलेली माणसं मी कारखान्यात पाहिली आहेत. दीड तासाने पाणी भरून स्टार्टर मारला, तर सायलेन्सरमधून पांढरा ढग निघाला आणि थांबेचना. पुढे चालवत न्यायचं नाही असं तिथेच ठरवलं. टेम्पो बोलावला, गाडी त्यात चढवली आणि कोल्हापुरात घरी आणली.

गाडी १९९७ ची मारुती ८००, कार्बोरेटरवाली. नोंदणीची पंधरा वर्षं संपून जमाना झाला. दर पाच वर्षांनी नूतनीकरण करत आलोय, पुढचं २०२७ ला. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, खाली बिडाचा ब्लॉक, म्हणजे सिलिंडरांचा ठोकळा, आणि वर त्याचं झाकण, ॲल्युमिनियमचं हेड. दुखणं इथेच असतं. ॲल्युमिनियम तापलं की बिडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं, त्यामुळे प्रत्येक वेळी इंजिन तापताना आणि निवताना हेड ब्लॉकवर केसभर सरकतं. हे सरकणं, सिलिंडरमधल्या स्फोटाचा दाब, शेजारून जाणारं पाणी आणि ऑइल, हे सगळं दोघांमधलं एक पातळ गॅस्केट, म्हणजेच हेड पॅकिंग, सांभाळत असतं. ठरलेल्या तापमानात ते वर्षानुवर्षं टिकतं. एकदा गाडी उकळली की हेड वाकू शकतं, आणि वाकलेल्या हेडखाली कुठलंही गॅस्केट तग धरत नाही.

मी सव्वीस वर्षं साखर कारखान्यात फिटर होतो. गळीत हंगाम संपला की वाफेच्या लाइनचे फ्लँज, म्हणजे पाइप जोडणाऱ्या चकत्या, उघडायचे, तोंडं साफ करायची, नवीन पॅकिंग घालून आवळायचे. आमचे हेड फिटर सांगायचे, "पॅकिंग गळालं तर आधी फ्लँजचं तोंड बघ." या गाडीचं हेड पॅकिंग त्याआधीच्या वर्षी एका गॅरेजमध्ये बदललं होतं. संध्याकाळी गाडी हातात मिळाली आणि चार महिन्यांत पुन्हा पाणी प्यायला लागली. हेडचं तोंड पट्टी लावून कुणी तपासलंच नव्हतं. म्हणून या वेळी स्वतः उघडलं. खाली लिहितोय ते कार्बोरेटरवाल्या ८०० ला धरून आहे. ओम्नीचं इंजिन त्याच घराण्यातलं, पण ते पुढच्या सीटखाली असल्याने हात पोचायला अवघड जातं.

हेड उघडण्याआधी दुखणं नक्की करा. थंड इंजिनचं रेडिएटर झाकण काढून गाडी चालू करा आणि पाण्याकडे बघत राहा. सुरुवातीला दोन-चार बुडबुडे येतात ते अडकलेल्या हवेचे. पण ॲक्सिलरेटर दिल्यावर सतत बुडबुडे येत राहिले, तर सिलिंडरमधला गॅस पाण्यात शिरतोय. सायलेन्सरच्या धुराला कूलंटचा (रेडिएटरच्या पाण्यात मिसळतात त्या द्रवाचा) गोडसर वास येतो का बघा. थंडीच्या सकाळी थोडी वाफ दिसतेच, ती इंजिन तापल्यावर जाते. गॅस्केट गेलेल्या गाडीचा पांढरा धूर जात नाही. ऑइल भरायच्या झाकणाखाली दुधी साय दिसली तर लगेच घाबरू नका. आपल्याकडच्या पावसाळ्यात गाडी फक्त भाजी मंडईपर्यंत चालत असेल तर दमटपणानेही तशी साय धरते. डिपस्टिकवरचं ऑइलच दुधाळ असेल तर पाणी खाली उतरलंय, आणि मग गाडी एक फूटही चालवू नका. पाणी मिसळलेलं ऑइल बेअरिंग खाऊन टाकतं.

खात्रीची तपासणी कॉम्प्रेशन गेजची, म्हणजे प्लगच्या भोकात लावून सिलिंडरमधला दाब मोजायची. तिन्ही प्लग काढा, इग्निशन कॉइलची वायर सोडा, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर फिरवा. माझा पहिला सिलिंडर साडेअकरा किलो दाखवत होता, दुसरा सात, तिसरा सात. शेजारचे दोन सिलिंडर एकदम आणि सारखेच उतरले की त्यांच्या मधली गॅस्केटची भिंत फुटलीय असं समजायचं. दोन्हीचे व्हॉल्व्ह एकाच वेळी सारखेच खराब होणं फार दुर्मीळ. एकच सिलिंडर कमी असेल तर त्यात चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजा. आकडा वर गेला तर रिंगा झिजल्यात, आणि हेड काढून त्याचा इलाज होणार नाही.

काम दोन रविवारांत विभागा. पहिल्या रविवारी उघडणं, मधल्या आठवड्यात मशीन शॉप आणि सामान, दुसऱ्या रविवारी जोडणी. जूनच्या आत उरका, पाऊस सुरू झाल्यावर उघडं इंजिन अंगणात ठेवता येत नाही. हत्यारं फार लागत नाहीत: आठपासून सतरापर्यंतचे रिंग पाने, सॉकेट सेट, फीलर गेज (बारीक फट मोजायची पाती), एक सरळ स्टीलची पट्टी, आणि टॉर्क पाना (किती जोराने आवळलं ते दाखवणारा). टॉर्क पाना विकत घ्या किंवा ओळखीच्या मेस्त्रीकडून मागून आणा, पण त्याच्याशिवाय हेड आवळू नका. सव्वीस वर्षं पाना धरलेल्या माझ्या हाताचा अंदाजही इथे चालत नाही.

गाडी रात्रभर थंड होऊ द्या. गरम हेडचे बोल्ट सोडले तर ते तिथेच वाकतं. आदल्या संध्याकाळी सायलेन्सरच्या नटांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा, नाहीतर सकाळी स्टड तुटतो आणि अर्धा दिवस तो काढण्यात जातो. बॅटरीची निगेटिव्ह आधी सोडा. मग कूलंट काढा, तेही पसरट भांड्यात, आणि लगेच झाकून ठेवा. कूलंट चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं ते चाटतात आणि मरतात. लहान मूल घरात असेल तर दुप्पट काळजी. इंजिन ऑइलही काढून टाका, नाहीतरी ते बदलायचंच आहे. पेट्रोलचा पाइप सोडल्यावर त्याच्या तोंडात बोल्ट खुपसून क्लिप लावा आणि आसपास कुणाला बिडी ओढू देऊ नका. सायलेन्सरचा पाइप खालून सोडायला गाडी उचलावी लागली तर लोखंडी स्टँड लावा. विटा किंवा जांभ्याचा चिरा गाडीखाली ठेवून आत शिरू नका, तो न सांगता फुटतो.

माझा पुतण्या मदतीला होता. पहिल्या अर्ध्या तासात तो तीनदा म्हणाला, "काका, ह्यो पाइप कुठला?" तेव्हा कामाला थांबवून त्याला चिकटपट्टी आणि पेन दिलं. प्रत्येक होज, प्रत्येक वायर, प्लगची प्रत्येक केबल सोडण्याआधी दोन्ही टोकांना तोच आकडा चिकटवायचा आणि मोबाइलवर फोटो काढायचा. एका पुठ्ठ्यावर हेडचा आकार काढून, भोकं पाडून, प्रत्येक हेड बोल्ट आपापल्या जागी खोचला. यात दहा मिनिटं गेली, पण जोडताना एकही बोल्ट शोधावा लागला नाही.

एअर फिल्टर, ॲक्सिलरेटर आणि चोकच्या केबल, पेट्रोल पंपाचे पाइप, वरचा रेडिएटर होज, हीटरचे होज, सायलेन्सरचा सांधा, या क्रमाने मोकळं करत जा. दोन्ही मॅनिफोल्ड (हवा-पेट्रोल आत नेणारा आणि धूर बाहेर नेणारा) हेडला तसेच राहू दिले तरी चालतात, टेबलावर काढायला सोपे पडतात. टायमिंग पट्टा सोडण्याआधी इंजिन हाताने फिरवून क्रँक (पिस्टनचा दांडा) आणि कॅम (व्हॉल्व्हचा दांडा) दोन्हीकडच्या खुणा जुळवा आणि पांढऱ्या रंगाचा ठिपका द्या. डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढून रोटर कुठे तोंड करून आहे ते आणि त्याच्या बॉडीची जागा, दोन्हींवर खूण करा. पट्टा निघाल्यावर क्रँक किंवा कॅम फिरवायचा नाही.

हेडचे बोल्ट सोडताना दोन्ही टोकांकडून सुरुवात करून मध्याकडे या. प्रत्येकाला आधी पाव फेरा, मग अर्धा, मग पूर्ण. एकच बोल्ट एकदम सोडला तर बाकीचे हेडला तिरकं दाबून धरतात. सगळे निघाल्यावरही हेड चिकटून बसतं. इथे पुष्कळ जण स्क्रू ड्रायव्हर सांध्यात घालून उचकटतात आणि ॲल्युमिनियमवर असा ओरखडा पाडतात की नवीन गॅस्केट तिथूनच गळतं. लाकडी हातोड्याने बाजूंनी ठोका, मॅनिफोल्डला धरून हलवा, सुटतं. हेड सरळ वर उचला आणि दोन लाकडी ठोकळ्यांवर आडवं ठेवा. सपाट फरशीवर पालथं घातलं तर उघडे असलेले व्हॉल्व्ह वाकतात.

आता हात धुऊन जुनं गॅस्केट नीट वाचा. माझ्या गॅस्केटवर दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या मधली लोखंडी कडा जळून गेली होती आणि तिथून पाण्याच्या भोकापर्यंत काळी रेघ गेली होती. पिस्टनही सांगतात: पहिल्यावर नेहमीची काजळी, तिसऱ्याचा माथा धुतल्यासारखा स्वच्छ. ज्यात पाणी जातं तो सिलिंडर वाफेने धुतला जातो. गेजने जे सांगितलं तेच डोळ्यांनी दिसलं. तसं दिसलं नाही, गॅस्केट सगळीकडे शाबूत निघालं, तर हेडला तडा आहे का याचा तपास आधी करा.

साफसफाईला मी पूर्ण दुपार दिली. सिलिंडरमध्ये आणि पाण्याच्या भोकांत फडकी कोंबा. जुन्या गॅस्केटचे चिकटलेले तुकडे प्लास्टिकच्या पट्टीने, पातळ सोडवणारं द्रव लावून, सावकाश काढा. ड्रिलला तारेचा ब्रश किंवा घासायची चकती लावू नका. ॲल्युमिनियममध्ये खळगे पडतात आणि चकतीची बारीक वाळू ऑइलच्या वाटेने बेअरिंगपर्यंत जाते. ब्लॉकमधली बोल्टची भोकं इथे विसरायची नाहीत. त्यांत पाणी किंवा ऑइल साचलेलं असतं. तसाच बोल्ट आवळला तर खालचं द्रव दाबलं जात नाही, टॉर्क पाना खोटा आकडा दाखवतो, आणि ब्लॉकला तडाही जाऊ शकतो. औषधाच्या सिरिंजने द्रव ओढून घ्या, मग डोळ्यांवर चष्मा लावून सायकलच्या पंपाने फुंका. आटे साफ करायला मी एका जुन्या हेड बोल्टला हॅक-सॉने उभ्या दोन खाचा पाडल्या आणि तो हाताने आत-बाहेर फिरवला. सगळी घाण त्या खाचांत येते.

मग पट्टी. हेडच्या तोंडावर पट्टी उभ्या धारेवर ठेवा: दोन्ही लांब कडांना, दोन्ही आखूड कडांना आणि दोन्ही कर्णांवर. प्रत्येक वेळी खालून फीलर गेजचं पातं सरकतंय का बघा. ०.०५ मिलिमीटरचं पातं कुठेही जाता कामा नये. माझ्या हेडच्या एका कर्णावर ०.१२ चं पातं सहज आत गेलं. आधीच्या वर्षी घातलेलं नवीन गॅस्केट का गेलं याचं उत्तर त्या पात्यावर होतं. ब्लॉकचं तोंडही असंच तपासा. बीड असल्याने ते सहसा सरळ राहतं, माझं राहिलं होतं.

हेड फडक्यात गुंडाळून सोमवारी सकाळी उद्यमनगरात नेलं. या बाबतीत आपण कोल्हापूरकर नशीबवान आहोत. शिरोली आणि गोकुळ शिरगावला देशभरातल्या गाड्यांचं कास्टिंग ओतलं जातं, आणि उद्यमनगरापासून वाय. पी. पोवार नगरापर्यंत लेथ आणि ग्राइंडिंगची दुकानं ओळीने आहेत. आधी हेडची प्रेशर टेस्ट करून घ्या: पाण्याच्या वाटा बंद करून हवा भरतात आणि गरम पाण्यात बुडवून बुडबुडा बघतात. तडा असेल तर ग्राइंडिंगचा खर्च वाया जातो. माझं हेड पास झालं. ग्राइंडिंगवाल्या मेस्त्रींनी विचारलं, "किती घालवू?" मी म्हटलं, "पट्टी बसेपर्यंतच, एक घास जास्त नको." ते म्हणाले, "न्हाई, उगंच घासत न्हाई." जास्त धातू काढला तर दहनाची जागा कमी होते आणि इंजिन चढाला ठोके द्यायला लागतं. मॅन्युअलमध्ये हेडच्या उंचीची मर्यादा दिलेली असते, तिच्या आत राहा.

हेड खाली आहे तोवर व्हॉल्व्हही तपासा. प्लग बसवून हेड दहनाचे खळगे वर येतील असं ठेवा, त्यांत रॉकेल किंवा डिझेल ओता आणि पंधरा मिनिटांनी मॅनिफोल्डच्या तोंडात बघा. पाझर दिसला तर व्हॉल्व्ह घासून घ्या आणि त्यांची रबरी सीलं बदला. सामानात हेड गॅस्केट, मॅनिफोल्डची आणि टॅपेट कव्हरची पॅकिंगं, थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावरच रेडिएटरकडे सोडणारी झडप), टायमिंग पट्टा, कडक झालेले होज. नवीन गॅस्केट जुन्यावर ठेवून भोकास भोक जुळवून बघा. पाण्याचं एक भोक जरी झाकलं जात असेल तर ते परत करा. हेड बोल्टचे आटे ओढल्यासारखे बारीक झाले असतील किंवा मॅन्युअल सांगत असेल, तर बोल्टही नवीन घ्या.

जोडणीच्या दिवशी सकाळी दोन्ही तोंडं पुन्हा एकदा स्वच्छ, कोरड्या कापडाने पुसा. हाताचं तेलसुद्धा राहू नये. ब्लॉकवरच्या डॉवेल पिना (हेड नेमक्या जागी बसवणाऱ्या) जागेवर आहेत ना बघा. गॅस्केट "टॉप" लिहिलेली बाजू वर करून कोरडंच ठेवा. ग्रीस, सिलिकॉन, वार्निश काही लावू नका. पाकिटावर लिहिलं असेल तरच. हेड दोघांनी मिळून सरळ खाली उतरवा. एकदा टेकल्यावर ते सरकवायचं नाही.

बोल्टच्या आट्यांवर आणि वायसरवर ऑइलचा हात फिरवा, थेंब गळेल इतकं नको. सगळे आधी बोटांनी बसवा. आवळायचा क्रम सोडण्याच्या उलट: मधल्या बोल्टपासून सुरू करून, आडवे-तिरके जात, टोकांकडे. कारखान्यात फ्लँजही आम्ही समोरासमोरचे बोल्ट धरून असाच बसवायचो, म्हणजे पॅकिंग सगळीकडे सारखं दबतं. हेडमध्ये दबाव मधून बाहेर पसरला पाहिजे, नाहीतर मध्ये फुगा राहतो. शेवटचा आकडा तुमच्या इंजिनच्या मॅन्युअलमधून घ्या आणि तिथे तीन टप्प्यांत पोचा. समजा तो ६० न्यूटन मीटर असेल तर सगळे बोल्ट आधी २० ला, मग ४० ला, मग ६० ला. जुन्या मॅन्युअलमध्ये आकडे किलोग्रॅम मीटरमध्ये असतात. एक किलोग्रॅम मीटर म्हणजे सुमारे ९.८ न्यूटन मीटर. टॉर्क पान्यावरचं एकक दोनदा वाचा. पाना झटका न देता एकसारखा ओढा आणि "टक" झालं की थांबा. पुतण्याला मी आकडे मोठ्याने म्हणायला लावले आणि प्रत्येक बोल्टवर टप्प्यागणिक खडूची खूण करायला लावली.

टायमिंग पट्टा खुणांवर चढवून ताण द्या आणि क्रँकला पाना लावून इंजिन हाताने पूर्ण दोन फेरे फिरवा. खुणा परत जुळल्या पाहिजेत. मध्येच कुठे कडक अडलं तर जोर लावू नका, पट्टा काढून पुन्हा बसवा. मग फीलर गेजने टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हच्या टोकाची फट, सेट करा, थंड इंजिनचा आकडा थंडच असताना. बाकी सगळं फोटो बघून उलट्या क्रमाने.

नवीन ऑइल आणि फिल्टर घाला. कूलंट डिस्टिल्ड वॉटरमध्ये निम्मं-निम्मं मिसळा. बोअरचं पाणी घालू नका, त्यातल्या क्षारांचा थर रेडिएटरच्या नळ्यांत बसतो. गाडीचं तोंड चढाकडे करा, हीटर पूर्ण गरमवर ठेवा, झाकण उघडं ठेवूनच थंड इंजिन चालू करा आणि पातळी उतरेल तसं भरत जा. थर्मोस्टॅट उघडला की वरचा होज एकदम गरम होतो आणि अडकलेली हवा निघून पातळी खाली जाते. बुडबुडे थांबले, की भरून झाकण लावा आणि पंखा आपोआप फिरायची वाट बघा.

माझा पंखा फिरलाच नाही. घाटात गाडी का तापली ते तिथे कळलं: पाणी तापल्यावर पंखा सुरू करणाऱ्या थर्मो स्विचची वायर टोकाशी हिरवी पडून आतून तुटली होती. इंजिन लगेच बंद केलं, वायर बदलली. शंका आली म्हणून रेडिएटरही काढून बघितलं, तर खालचा तिसरा हिस्सा चोंदलेला. तो उद्यमनगरातच उघडून साफ करून घेतला. त्यामुळे तुम्हाला सांगतो, हेड बंद करण्याआधीच तपासा: पंखा, रेडिएटर, पाण्याचा पंप हाताने हलतोय का, रेडिएटरच्या झाकणाचं रबर. थर्मोस्टॅट एका जुन्या, पुन्हा स्वयंपाकाला न वापरायच्या भांड्यात पाण्यात लोंबकळत ठेवून गरम करा. त्यावर कोरलेल्या तापमानाच्या आसपास तो उघडायला हवा. नवा आणला असला तरी बघा.

पहिल्या दिवशी मी रंकाळ्याला दोन चकरा मारल्या आणि गाडी रात्रभर ठेवली. सकाळी झाकण उघडून पातळी बघितली, बोटभर कमी होती, भरली. तिसऱ्या दिवशी जोतिबाचा डोंगर चढून आलो. काटा मध्यावरून हलला नाही. गॅस्केटच्या पाकिटावर बोल्ट पुन्हा आवळायला सांगितलं असेल तरच ते करा, आणि तेही इंजिन पूर्ण थंड असताना. ऑइलमध्ये आधी पाणी गेलेलं असेल तर पाचशे किलोमीटरला ऑइल आणि फिल्टर परत बदला. मी बदललं, निघालेलं ऑइल काचेच्या बाटलीत दोन दिवस ठेवलं. तळाला पाणी जमलं नाही.